जाम चौरस्ता आणि सोळा ऑगस्ट

आज १६ ऑगस्ट. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये आज हुतात्म्यांना मानवंदना दिली जाईल, शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतील, पुढारी येतील, भाषणे होतील. हे व्हायलाच हवे. १९४२ मध्ये हीच तारीख नागपंचमीला आली होती. ‘चले जाव’चा ठराव मुंबईत झाला, पण त्याची आधीची घडण वर्ध्यात, १४ जुलैच्या काँग्रेस कार्यसमितीच्या बैठकीत झाली होती. पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि आठवडाभरातच, पुढारी गजाआड असताना, खेड्यांतल्या माणसांनी ठराव हाती घेतला. आष्टीत लोक तिरंगा लावायला पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला. चिमूरमध्ये सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर गोळीला बळी पडला. दोन्हीकडे संतापलेल्या जमावाच्या हातून पोलीस आणि सरकारी अधिकारीही मारले गेले. आष्टीला लोक आज ‘शहीद आष्टी’ म्हणतात.

एवढे शालेय पुस्तकातून आणि दरवर्षीच्या भाषणांतून आपल्याला पाठ आहे. पण त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेलेले आहे. डोळ्यांनी पाहिलेले सांगणारे जवळजवळ संपले. त्यांच्याकडून ऐकलेले सांगणारे आहेत, तेही साठी-सत्तरीतले. म्हणून यंदाच्या सोळा ऑगस्टला मानवंदनेबरोबर एक हिशेबही मांडायला हवा. आपल्या भागाच्या इतिहासापैकी दगडावर किती उतरले, कागदावर किती आले आणि अजून नुसते तोंडातच किती आहे?

हा हिशेब मांडायला जामचा चौरस्ता ही चांगली जागा आहे. समुद्रपूर तालुक्यातले हे गाव. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता आणि चंद्रपूरकडे फुटणारा रस्ता इथे वेगळे होतात. काश्मीर ते कन्याकुमारी जाणारे ट्रक इथून जातात, चहासाठी थांबतात, टायर तपासतात आणि पुढे निघतात. एका अंगाला हिंगणघाट, दुसऱ्या अंगाला वरोरा, बाजूला समुद्रपूर आणि गिरड, त्यापलीकडे चिमूर. सगळ्या वाटा इथून जातात म्हणूनच बहुधा इथे कोणी थांबत नाही. जामला पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर गावातला माणूसही क्षणभर गप्प बसेल.

प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हे नाव परिचयाचे असते. वाकाटक राजांच्या लेखांचा जो संग्रह महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सिद्ध केला, त्यात ‘जांब ताम्रपट’ आहे. हिंगणघाटच्या उत्तरेला असलेल्या याच गावी तो मिळाला. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने राज्याच्या दुसऱ्या वर्षी नंदिवर्धन येथून हे दानपत्र दिले. कोथुरक नावाचे गाव त्याने दान दिले आणि राजाच्या कारकुनाने त्या गावाच्या चारी सीमा लिहिल्या. एका बाजूला उमा नदी, बाकीच्या बाजूंना शेजारची गावे. मिराशींच्या मते ही उमा म्हणजे हिंगणघाटावरून वाहणारी आपली वणा. तांब्यावर कोरलेला हा दीड हजार वर्षांपूर्वीचा सातबाराच. शेतात नांगर धरणाऱ्या इथल्या कास्तकाराला त्याच्या नदीचे इतके जुने नाव कोणी सांगितले आहे का? चौरस्त्यावर खताच्या, ढाब्याच्या, टायरच्या पाट्या आहेत. या ताम्रपटाबद्दल दोन ओळींची पाटी लावायला किती खर्च येतो?

ताम्रपट आपल्याला सापडला हा योगायोग. आणि तो बोलतो तेही एकाच बाजूने. दान देणारा, घेणारा, सीमा, करातून सूट एवढे त्यात येते. त्या कोथुरकात कोण राबत होते, दान झाल्यावर त्यांचे काय झाले, हे तांबे सांगत नाही. राजाने कोरून घेतलेले टिकते. ज्यांना कोरून घेता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न ताम्रपटापासून सोळा ऑगस्टच्या शिळेपर्यंत तोच आहे.

चिमूरचेच पाहा. शिळेवर हुतात्म्यांची नावे आहेत. पण चिमूर देशभर गाजले ते त्यानंतरच्या दिवसांमुळे. गावात फौज आली. कर्त्या पुरुषांना पकडून नेले आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. हे त्या बायकांनी सांगितले म्हणून जगाला कळले. सरकारने चौकशी नाकारली. सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी चिमूरकडे पायी निघाले, अटक होऊन परत आणले गेले आणि उपोषणाला बसले. उपोषण ६३ दिवस चालले. बातमी छापायला बंदी होती, म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या वृत्तपत्रांनी हरताळ पाळला. १२ जानेवारीला उपोषण सुटले. पुढे फाशीची शिक्षा झालेल्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांसाठी अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले आणि १९४५ मध्ये त्यांची फाशी टळली.

यातले काय शिळेवर आहे? गोळी लागून पडलेल्यांची नावे आहेत. ज्यांनी अब्रूची भीती, समाजाची कुजबुज आणि सरकारची दहशत पत्करून तोंड उघडले, त्या बायका शिळेवर नाहीत. त्यांची नावे कोरावीत असे आम्ही म्हणणार नाही. काही गोष्टी घरांनी झाकून ठेवल्या असतील तर तो त्यांचा हक्क आहे. पण एका गावच्या बायकांच्या बोलण्यामुळे सरकारला हलावे लागले, एवढे वाक्य शिळेशेजारी लिहायला कोणाची हरकत असणार? शिळेचा स्वभावच असा की ती धैर्य एकाच रूपात ओळखते. बाकीची रूपे आठवणींत शोधावी लागतात.

अशा आठवणी लिहिल्या गेल्या तेव्हा काय घडते हे विदर्भाने पाहिले आहे. बाबा आमटे जन्मले हिंगणघाटला, १९१४ मध्ये, आणि आनंदवन उभे राहिले वरोऱ्याला. या दोन गावांच्या मध्ये जामचा चौरस्ता. आनंदवनाच्या इमारती कोणालाही दिसतात, पण तिथल्या पहिल्या दिवसांतली चूल, भीती, थट्टा आणि हट्ट कळायला साधनाताईंचे ‘समिधा’ वाचावे लागते. नागपूरचे वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड संपादित केले. तेवढेच मोलाचे काम त्यांनी ‘वस्ती’ लिहून केले. नागपूरच्या एका महार वस्तीतले आखाडे, समता सैनिक दल, भांडणे, भूक आणि अभिमान हे कुठल्याच सरकारी दप्तरात इतके जिवंत सापडणार नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी तर आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठले, बोलते केले आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. त्या बायकांपैकी अनेकींनी स्वतः आत्मचरित्र कधीच लिहिले नसते. विचारणारी माणसे वेळेवर पोचली म्हणून तो इतिहास हाती लागला.

आठवणी डोळे झाकून खऱ्या मानाव्यात असे मुळीच नाही. लिहिणारा स्वतःला थोडा उंच करतो, विरोधकाला थोडा बुटका करतो. तारखा घसरतात. चाळीस वर्षांनी लिहिणाऱ्याला निकाल माहीत असतो आणि तो तरुणपणीच्या स्वतःच्या तोंडी शहाणपण घालतो. म्हणून आठवणीला कागदाची जोड लागते, कागदाला शिळेची, शिळेला पुन्हा आठवणीची. तिघांना एकमेकांसमोर बसवले की खोटे फार वेळ टिकत नाही.

आणि ओट्यावरच्या गोष्टींचे काय? समुद्रपूर तालुक्यातलेच गिरड घ्या. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस फेडायला जातात. टेकडीवर गोल, गुळगुळीत दगड सापडतात. गोष्ट अशी की दोन व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी बाबांची टवाळी केली आणि मालाचे दगड झाले. मग ते पाया पडले. बाबांनी वाळलेल्या पानांचा पुन्हा माल करून दिला आणि ते व्यापारी कायमचे बाबांच्या सेवेत राहिले. ही गोष्ट इंग्रजांच्या गॅझेटिअरातही उतरली आहे. भूशास्त्रज्ञ सांगेल की काळ्या खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे गोळे तयार होतात, ते हे दगड. दोन्ही खरे आहे, पण वेगवेगळ्या प्रश्नांची ती उत्तरे आहेत. दगड कसे झाले हे भूशास्त्र सांगते. व्यापारी तांडे या वाटेने जात होते, फकिराच्या शब्दाला मोल होते आणि टवाळी करणाऱ्यालाही इथे माफी मिळत होती, हे गोष्ट सांगते. पंजाबातल्या पाकपट्टनला कबर असलेल्या संताचे ठाणे वर्ध्याच्या टेकडीवर कसे आले, हाही विचार त्या गोष्टीतूनच सुरू होतो.

वर्धा-नागपूर रस्त्यावरचे केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुर मारला तो इथेच, असे तिथली माणसे सांगतात. खानदेशात एरंडोललाही हेच सांगतात. यावर हसण्याचे कारण नाही आणि वाद घालण्याचेही नाही. आपल्या गावाला थोरल्या कथेत जागा असावी असे प्रत्येक गावाला वाटते. ती इच्छा किती जुनी, तिच्याभोवती कोणते देऊळ, कोणती जत्रा उभी राहिली, हे नोंदवले की तोही इतिहास होतो. बिघडते ते गोष्टीला पुरावा म्हणून उभे केल्यावर. आख्यायिकेच्या आधारावर पाटी लावली, पाटीच्या आधारावर निधी आला, निधीतून कमान झाली आणि मग शंका घेणाऱ्यालाच गावाबाहेर काढले, असा क्रम हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसू लागला आहे. गोष्टीचे मोल ती गोष्ट म्हणून जपण्यात आहे.

उलट बाजूचे उदाहरण पवनारचे. धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात विनोबा १९३८ मध्ये राहायला आले. प्रकृती सुधारावी म्हणून ते रोज जमीन खणत. खणता खणता भरत-राम भेटीचे जुने शिल्प वर आले आणि परंधाम आश्रमात त्याची स्थापना झाली. तिथल्या शिल्पांचा मिराशींनी रामायणातल्या प्रसंगांशी मेळ घातला आणि पवनार म्हणजे दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर असे मत मांडले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खनन केले. मिराशींचे मत सगळ्या अभ्यासकांनी मान्य केलेले नाही, रामटेकजवळच्या मनसरचा दावा पुढे आला. पण कुदळीने शिल्प काढले, पंडिताने अर्थ लावला, विद्यापीठाने खणून पाहिले आणि दुसऱ्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला. श्रद्धेला धक्का न लावता इतिहास असा पुढे सरकतो. जामच्या ताम्रपटावरचा राजा आणि पवनारच्या वादातला राजा एकच आहे, हे दोन्हीकडच्या शाळकरी मुलांना कळले तर त्यांचा जिल्हा त्यांना एकदम मोठा वाटू लागेल.

हिंगणघाटला आणखी एक दगड आहे. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. वीस वर्षे तो उत्तरेकडे सरकत आला. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला असताना जानेवारी १८२३ मध्ये त्याला हिंगणघाटला मरण आले आणि तिथेच त्याला पुरले. त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले. लॅम्ब्टनच्या वाट्याला आली हिंगणघाटची माती. आज ज्यांच्या आधारावर जामचा महामार्ग आखला जातो त्या नकाशांचे मूळ या माणसाच्या साखळीत आहे. तो परका होता, राज्यकर्त्यांचा नोकर होता, मोजणी राज्य पक्के करण्यासाठीच होती. म्हणून ती कबर आपली नव्हे असे म्हणायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. पण ती जपताना त्याची ती अवजड यंत्रे डोंगरावर चढवणारे, तापाने वाटेतच मेलेले देशी खलाशीही आठवावेत. त्यांच्या कबरी नाहीत, समाध्याही नाहीत.

कागदाची गोष्ट याहून अवघड. विदर्भात आपल्या पणजोबाचे नाव माणूस केव्हा शोधतो? मुलाला इंजिनीअरिंगला प्रवेश हवा असतो आणि जातपडताळणी समिती जुना पुरावा मागते तेव्हा. अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा, ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचा. मग तहसील कचेरीत कोतवाल बुक निघते, शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर निघते, मालगुजारीच्या काळातली एखादी मिसल निघते. कुठे मोडीत, कुठे पिवळ्या पडलेल्या बाळबोध अक्षरात जन्म आणि मृत्यू. बोट ठेवून नाव सापडले की त्या एका ओळीची नक्कल काढतात आणि पुस्तक पुन्हा बांधून ठेवतात. वरच्या-खालच्या ओळींत कॉलऱ्याच्या साथीत एका आठवड्यात गेलेली अख्खी आळी असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. नकलेसाठी तरी घराघरात आता एक फाइल झाली आहे. त्या फाइलीशेजारी बसून घरातल्या आजीला विचारले की हा पणजोबा कोण होता, या गावात कुठून आला, तर निम्मा इतिहास तिथेच उभा राहतो. अट एवढीच की विचारायचे दाखला मिळाल्यानंतरही.

आता करायचे काय? स्मारके उभारण्यात महाराष्ट्र मागे नाही. अंतुले मुख्यमंत्री असताना, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, राज्यभर दोनशेच्या आसपास हुतात्मा स्मारके बांधण्याची योजना निघाली. अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ अभियानात ग्रामपंचायतींनी शिलाफलक लावले. गावातल्या वीरांची नावे त्यावर घ्यायची होती. ज्या गावाने नावे आधीच लिहून ठेवली होती त्याचे काम सोपे झाले. ज्याने ठेवली नव्हती त्याला म्हाताऱ्यांच्या आठवणीवर भिस्त ठेवावी लागली. फलक एका दिवसात बसतो. नावामागची माहिती जमायला वर्षे लागतात, आणि ती जमवण्यासाठी ना निधी असतो ना मुदत.

यासाठी नवा कायदा किंवा नवे महामंडळ नको. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. झाडे, बियाणी, औषधी, त्यांची माहिती असणारी माणसे. तशीच एक इतिहास नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीने उघडावी. मात्र पहिल्या नोंदवहीचा अनुभव विसरू नये. मुदत गाठायची म्हणून कंत्राटावर भरलेली वही कोणाच्याच कामाची नसते. ही वही गावाने स्वतः लिहावी. हायस्कूलचे शिक्षक, वाचनालयाचे सेवक, भजनी मंडळातले जुने टाळकरी, पोलीस पाटील, अंगणवाडीच्या ताई यांच्यापैकी दोघा-तिघांनी मनावर घेतले तरी पुरे.

नियमही मोजकेच असावेत. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि सांगितल्याची तारीख लिहायची. त्याने ते स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, हे लिहायचे. शब्द त्याच्याच बोलीत ठेवायचे. ‘सांगतलं’चे ‘सांगितले’ करायचे नाही. आणि त्याने ‘हे लिहू नका’ म्हटले तर लिहायचे नाही. एकाच घटनेच्या दोन उलट कहाण्या आल्या तर दोन्ही ठेवायच्या, निवाडा पुढच्या पिढीवर सोडायचा. बायकांकडे बायकांनी जावे. पुरुषांसमोर निम्म्या गोष्टी बाहेर येत नाहीत. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या गोळा झाल्या याचे मोठे कारण विचारणाऱ्या अनेकजणी स्वतःच खेड्यातल्या, जात्यावर बसलेल्या होत्या. आपल्याकडे गोंडांच्या वंशावळी गाणारे परधान आहेत, खडी गंमत गाजवलेले शाहीर आहेत, तुकडोजी महाराजांच्या खंजिरीमागे धावलेल्या माणसांची मुले आहेत. मोबाइलवर त्यांचे बोलणे टिपायला आज पैसा लागत नाही. टिपलेले तीन ठिकाणी ठेवणे आणि त्यावर नाव-तारीख घालणे एवढीच शिस्त लागते.

जामसारख्या गावाने यात पुढाकार घ्यावा असे आम्हाला वाटते. हुतात्म्यांचे गाव नाही, राजधानी नाही, आश्रम नाही, असे समजून बसलेली शेकडो गावे विदर्भात आहेत. महामार्ग रुंद होताना कोणाची विहीर गेली, कोणते देऊळ सरकले, जुन्या चौकातले पहिले हॉटेल कोणाचे, बैलबंड्यांनी सरकी आणि कापूस हिंगणघाटच्या बाजारात नेणाऱ्यांचा मुक्काम कुठे पडे, हे सांगणारी माणसे आज जाममध्ये नक्की असतील. चिमूरहून बातम्या कोणत्या वाटेने आल्या हे आजाकडून ऐकलेला कोणी असेल. त्यांच्या बोलण्याला ताम्रपटाएवढाच मान मिळाला पाहिजे, कारण ताम्रपटाने जे सांगितले नाही तेच ते सांगतात.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत या नोंदवहीचा ठराव घ्यावा आणि पुढच्या सोळा ऑगस्टला मानवंदनेनंतर भाषणांतले एक भाषण कमी करून त्या वेळात वहीतली दोन पाने वाचावीत, ज्यांनी सांगितले त्यांच्या समोर आणि त्यांच्या नावासह. चुकले असेल तर तेच उठून दुरुस्त करतील. ही दुरुस्ती करायला माणसे हयात आहेत तोवरच ती होऊ शकते.